कोणाच्या दारातून आलात?

इतिहासाचार्य राजवाडे यांच्याबद्दल मराठी माणसाला दोन गोष्टी नक्की ठाऊक असतात. एक, ते तऱ्हेवाईक होते. आणि दुसरी, ते हिंडले. जुन्या कागदांच्या शोधात गावोगाव हिंडून त्यांनी जे गोळा केलं, त्यातून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. साधनं जमवण्यासाठी इतिहासकाराने घर सोडून रस्त्यावर यावं, ही आपल्याकडची परंपरा त्यांच्यापासून सुरू होते असं म्हणायला हरकत नाही.

पण राजवाडे गावात पोचले की जात कुठे? वाड्यात. देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या, सरदारांच्या वाड्यात. यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. कागद जिथे असतात तिथेच माणूस कागद शोधायला जाणार. मात्र घरात कागद असणं हीच मुळात एक मिरास होती. ज्याच्या घरी दप्तर त्याचा इतिहास, आणि ज्याच्या घरी जातं, नांगर आणि चार भांडी, त्याचा उल्लेख झालाच तर दुसऱ्याच्या दप्तरात, थकलेल्या शेतसाऱ्याच्या संदर्भात.

मौखिक इतिहासवाले आम्ही लोक हे मोठ्या आवेशाने सांगतो. राजवाड्यांचं दार वाड्याचं होतं, आमचं तसं नाही. आमच्या हातात रेकॉर्डर आहे, ज्याला तोंड आहे त्याचा इतिहास आम्ही घेणार, वगैरे. परिसंवादात हे वाक्य टाळ्या घेतं. गेली काही वर्षं एसटीने, वडापने आणि कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गावोगाव मुलाखती घेत फिरल्यावर माझं मत असं झालं आहे की हा दावा निम्मा पोकळ आहे. रेकॉर्डरलाही गावात कोणत्या ना कोणत्या दारातूनच शिरावं लागतं. ते दार कोणाचं, यावर त्या गावाचा कोणता इतिहास हाती लागणार हे जवळजवळ ठरून जातं.

प्रत्यक्षात काय होतं पाहा. पुण्या-मुंबईहून निघण्याआधी ओळख काढली जाते. ती निघते सरपंचाची, झेडपी शाळेतल्या गुरुजींची, नाहीतर साखर कारखान्याच्या एखाद्या संचालकाची. गावात उतरलं की चहा, मग पोहे, मग 'आमच्या गावातले जाणकार' म्हणून तीन-चार वडीलधारे पुरुष पारावर किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आणून बसवले जातात. त्यातल्या एकाने याआधीही मुलाखती दिलेल्या असतात. त्याची वाक्यं घासून गुळगुळीत झालेली असतात. कुठे थांबायचं, कुठे डोळे पुसायचे हेही त्याला माहीत असतं. प्रत्येक गावाने असा एक आठवणींचा अधिकृत पुढारी नेमलेला असतो. तो खोटं बोलतो असं नाही. त्याच्या आठवणींवर गावाची संमती असते, इतकंच. आणि ही संमती कोणी दिली, तर ज्यांना पारावर बसायला मिळतं त्यांनी. मागच्या अंगाला असलेली वस्ती, गावाच्या कडेचा मांगवाडा, त्याहून लांब माळावर पडलेली पारध्यांची पालं इथपर्यंत संध्याकाळच्या शेवटच्या गाडीआधी पोचणं होतच नाही.

दाराचं हे महत्त्व सिद्ध करणारं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतलं आहे. १९३६ ते १९३८ या मंदीच्या काळात तिथल्या सरकारने बेकार लेखकांना काम म्हणून एक मोहीम दिली. एकेकाळी गुलाम असलेली जी माणसं अजून हयात होती, त्यांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून काढायच्या. सतरा राज्यांतून दोन हजार तीनशेहून अधिक कहाण्या जमल्या. यात दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरातल्या एका वृद्धेची मुलाखत चुकून दोनदा झाली. एकदा एक गोरी बाई गेली. म्हातारीला ती सरकारी मदत खात्याची वाटली, आणि तिच्यापुढे तिने आपला मालक किती भला होता हे सांगितलं. दुसऱ्यांदा एक कृष्णवर्णीय तरुण गेला. त्याला तिने चाबकाचे फटके सांगितले, पोटची लेकरं विकली जाताना आयांनी फोडलेला टाहो सांगितला. बाई तीच, आयुष्य तेच, साल तेच. बदललं होतं ते फक्त दारात उभं राहिलेलं माणूस. यातली एकच मुलाखत शिल्लक राहिली असती तर? आणि त्या दोन हजार तीनशेंपैकी बहुतेकांची एकच शिल्लक आहे, आणि मुलाखतकारांतले बहुसंख्य गोरे होते.

आपल्याकडे योग्य दार सापडल्याची उदाहरणं आहेत आणि ती साधी नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या जोडप्याने पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात 'गरीब डोंगरी संघटना' उभी करताना ऐंशीच्या दशकात जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे बर्नार बेल यांच्यासारखा ध्वनिमुद्रणाचा जाणकार येऊन मिळाला. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर बायका आणि एक लाखाहून जास्त ओव्या असा तो पसारा झाला. संख्या थक्क करणारी आहेच, पण मला महत्त्वाची वाटते ती पद्धत. ओव्या गोळा करायला गेलेल्यांत त्या डोंगरातल्या कार्यकर्त्या बायकाच होत्या. त्या पारावर गेल्या नाहीत, थेट जात्यापाशी बसल्या. जिथे सासू ऐकत नाही, दीर ऐकत नाही, तिथे बाई जे म्हणते ते ऐकण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळाला, कारण त्यांच्या स्वतःच्या हातालाही खुंट्याचे घट्टे होते. २०१७ पासून या ओव्या 'परी', म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने, गाणारीचं नाव, गाव आणि आवाज यांच्यासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. नावाची ही नोंद मला फार मोलाची वाटते. आधीच्या शंभर वर्षांतल्या लोकसाहित्याच्या कितीतरी संग्रहांत ओवी असते, पण ती गाणारी बाई नसते.

दुसरं उदाहरण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं. आंबेडकरी चळवळीत बायका होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. मोर्चांच्या फोटोंत त्यांची गर्दी दिसायची. त्या कोण होत्या हे विचारायला मात्र कोणी गेलं नव्हतं. या दोघी त्या बायकांच्या घरी गेल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या पुरुषांना ती घरं माहीत नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्यातल्या कित्येकांनी तिथे चहा प्यायला होता. चहा करणारीला मात्र प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

एवढं वाचून कोणी असा निष्कर्ष काढेल की आपल्या जातीच्या, आपल्या गावच्या, आपल्या लिंगाच्या माणसानेच आपली मुलाखत घ्यावी म्हणजे झालं. मला हे पटत नाही. घरचं माणूस म्हणूनच ज्याला सांगता येत नाही असं पुष्कळ काही असतं. भावकीतल्या पोराला म्हातारा बांधाच्या भांडणाबद्दल एक शब्द सांगणार नाही, कारण ते भांडण अजून कोर्टात आहे. बाई आपल्याच वस्तीतल्या मुलीपुढे नवऱ्याच्या दारूचा विषय काढणार नाही, पण उद्या निघून जाणाऱ्या परक्या बाईला सगळं सांगून मोकळी होईल. परकेपणाचंही एक दार असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कोणतंही एक दार पुरत नाही, आणि ज्या दारातून गेलो त्याची नोंद मुलाखतीसोबतच झाली पाहिजे. आज मुलाखतीच्या कागदावर वक्त्याचं नाव, वय, गाव, तारीख, यंत्राचा प्रकार हे सगळं असतं. कोणाच्या ओळखीने आलो, बोलताना शेजारी कोण बसलं होतं, मध्येच कोण आलं आणि बोलणं कुठे वळलं, हे नसतं. साल-तारीख नसलेलं पत्र राजवाड्यांनी जसं चार बाजूंनी तपासलं असतं, तसंच दाराची नोंद नसलेल्या मुलाखतीकडे संशयाने पाहायला हवं.

शेजारी कोण बसलं होतं याने किती फरक पडतो, हे मराठवाड्यातल्या एका गावात मी पाहिलं. विषय होता बहात्तरचा दुष्काळ. आजी ओट्यावर, मी समोर, माइक मधे, आणि आजींचा पन्नाशीतला मुलगा बाजूला. प्रश्न आजींना, उत्तरं मुलाची. "तिला काय आठवतंय आता, मी सांगतो ना." त्याने सांगितलं ते चुकीचं नव्हतं: पाऊस नव्हता, जनावरं गेली, सरकारने कामं काढली, लोक खडी फोडायला गेले. पाठ्यपुस्तकात असतं तेवढं सगळं. बहात्तरला तो स्वतः तीन-चार वर्षांचा असणार. तेवढ्यात थ्री फेजची लाईट आली आणि तो मोटार चालू करायला शेताकडे पळाला. आजींनी पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता सुरुवात केली. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, आणि तीसुद्धा पोटभर नाही. सुकडीसाठी पोरांची रांग. खडी फोडायला आठ जणांची टोळी, तान्हं लेकरू कडेला फडक्याच्या झोळीत, आणि दगडाची कपची उडून त्याच्या डोळ्यात जाईल म्हणून दिवसभर तिकडे पाठ करून बसायचं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "हजेरी माझी, मस्टरवर नाव मालकाचं, अन् पगार सासऱ्याच्या हातात." एवढ्या नऊ शब्दांत रोजगार हमीच्या जन्मकाळाचा जो हिशोब आहे तो कोणत्याही सरकारी अहवालात मिळणार नाही. महाराष्ट्राने त्या दुष्काळानंतर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, देशात पहिला. त्याचा अभिमान बाळगावाच. पण मस्टर हा जर अस्सल कागद मानला, तर त्या कागदावर ती बाई कामालाच गेली नव्हती.

तासाभराने मुलगा परत आला. आजी गप्प झाल्या आणि पुन्हा पाऊस, जनावरं, सरकार सुरू झालं. थ्री फेज लाईटची वाट बघणं ही मुलाखतीची पद्धत आहे, असं कोणत्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत. शिकवायला हवं.

इथे जुन्या वळणाचा इतिहासकार हसतो. म्हणतो, म्हाताऱ्यांच्या आठवणींवर कसला इतिहास लिहिता? त्यांना सालं सांगता येत नाहीत. सालं सांगता येत नाहीत हे खरं आहे. पण कालगणना त्यांच्याकडे असते आणि ती पुष्कळदा पक्की असते. प्लेगच्या साली, मानमोडीत, रझाकारात, पानशेत फुटलं तेव्हा, कोयनेच्या भूकंपाला मी कडेवर होते. मानमोडी म्हणजे १९१८ची साथ, पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७. या खुंट्यांना दोर बांधून माणसाचं आख्खं आयुष्य मापता येतं. आधार कार्डावरची जन्मतारीख मात्र शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली १ जून असते. यातलं अस्सल काय आणि बनावट काय, हे आधी ठरवा.

आणि आठवण चुकते तेव्हाही तिचं चुकणं कामाचं असतं. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्यांच्या शहरात १९४९च्या मार्चमध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून एक तरुण कामगार मारला गेला. पुढे आलेसांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ साली, मोठ्या कामगार कपातीच्या वेळच्या रस्त्यावरच्या लढाईत घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी चूक दुरुस्त करून फाइल बंद केली नाही. ज्या मृत्यूचा बदला घेता आला नाही, तो लोकांनी आपल्या सर्वांत मोठ्या लढ्यात नेऊन का ठेवला, हा प्रश्न त्यांनी विचारला. घटनेची तारीख कागदात मिळाली. तिची सल कामगारांच्या चुकीत मिळाली.

मात्र सगळी विकृती अशी हृदयस्पर्शी नसते, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्ही मंडळी म्हाताऱ्याकोताऱ्यांचे भाट होऊन बसतो. मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी घ्यायला जा. पारावर ज्या कहाण्या मिळतात, त्यांतल्या पुष्कळांचा घाट एकसारखा असतो: कोणत्या कॅम्पवर होतो, कोणत्या नेत्याच्या हाताखाली, किती महिने भूमिगत, कोणते दोन साक्षीदार. तो घाट आठवणीचा नाही, पेन्शनच्या अर्जाचा आहे. १९७२ साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना आली आणि आठवणींना रकाने मिळाले. ज्यांनी खरोखर सोसलं त्यांनीही आपलं सोसणं त्या रकान्यांत बसवून सांगितलं, आणि ते इतक्या वेळा सांगितलं की मूळ आठवणीवर अर्जाची साय धरली.

त्याच गावात दुसऱ्या गल्लीत 'रझाकारात' या शब्दाला उत्तर येत नाही. तिथे शब्द आहे 'ॲक्शन', आणि तोही दार लोटून घेतल्यावर. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर मुसलमानांवर जे गुदरलं, त्याची चौकशी करायला नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सर्वांत जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा यांची नावं घेतली. मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात केला. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. रझाकारांचे अत्याचार खोटे होते असं म्हणणारा मूर्ख ठरेल. ते भोगलेल्यांची मुलंनातवंडं आजही तुम्हाला विहीर दाखवतात. पण एका गल्लीतल्या आठवणीला दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन मिळतं, दुसऱ्या गल्लीतल्या आठवणीला आवाजही मिळत नाही, आणि बाहेरून गेलेला मुलाखतकार पहिल्या गल्लीत जेवून दुसऱ्या गल्लीत जाऊ शकत नाही. त्याला गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी दोन्ही गल्ल्यांत गेलो आहे, पण एकाच मुक्कामात कधीच नाही. ही भित्रेपणाची गोष्ट असेल तर असो. ज्यांना तिथेच राहायचं आहे त्यांच्यावर माझ्या फेरीचं खापर फुटू नये, एवढं तरी पाहिलं पाहिजे.

यातूनच संमतीचा प्रश्न येतो. ज्या संस्था अशा कामाला पैसे देतात त्यांचा एक छापील फॉर्म असतो. मुलाखतीआधी तो वाचून दाखवायचा, खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. हेतू चांगला आहे, पण ज्या समाजात कागदावर अंगठा टेकला की जमीन जाते असा पिढ्यांचा अनुभव आहे, तिथे हा फॉर्म पिशवीतून बाहेर काढल्याबरोबर निम्मी मुलाखत संपते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांना दागदागिन्यांपेक्षा कर्जरोखे हवे होते, जाळायला. आज सावकार गेला असं म्हणावं तर भूसंपादनाचे, विम्याचे, मायक्रोफायनान्सचे कागद आहेतच. संमती तोंडी घ्यावी, माइकवर घ्यावी, बोलणं संपल्यावर पुन्हा एकदा विचारावं आणि आठ दिवसांनी फोन करून तिसऱ्यांदा विचारावं. मशीन बंद केल्यावर माणूस जे सांगतो ते नंतर आठवून लिहून ठेवायचं की नाही, यावर आमच्यात वाद आहेत. माझं उत्तर नाही असं आहे. त्याने बंद करायला सांगितलं ते कारणाशिवाय नाही.

पैसे देणाऱ्यांना हे सगळं वेळखाऊ वाटतं, आणि ते आहेच. तिमाही अहवालात रकाना असतो 'झालेल्या मुलाखती'. तिथे आकडा लागतो. आकडा वाढवायचा तर पारावरचे जाणकार सर्वांत सोयीचे: वेळेवर येतात, स्पष्ट बोलतात, त्यांच्या मागे कोंबड्या ओरडत नाहीत. अशा शेकडो मुलाखती हार्ड डिस्कवर जमतात, त्यांची लेखी प्रत करताना कोणीतरी 'व्हतं'चं 'होतं' करून टाकतो, आणि मग त्या शहरातल्या किंवा परदेशातल्या संग्रहात जाऊन बसतात. जे गाव बोललं त्या गावात त्यातलं एकही वाक्य उरत नाही. राजवाड्यांनी नेलेल्या दप्तराचा मालक निदान पुण्याला जाऊन मंडळात ते मागू शकत होता. आजींनी कुठे जायचं?

हे काम गावातच ठेवण्याची सोय आपल्याकडे आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात हजारो अनुदानित वाचनालयं चालतात. बऱ्याच ठिकाणी सकाळचं वर्तमानपत्र आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं याखेरीज फारशी हालचाल नसते. तिथल्या एका कपाटात एक जुना संगणक आणि गावातल्या आवाजांचा संग्रह राहू शकतो. त्यावर गावातलीच, वस्तीवरचीसुद्धा, दोन मुलं-मुली नेमता येतील. मोबाईलवर रेकॉर्डिंग करणं त्यांना आमच्यापेक्षा जास्त येतं. मुलाखत देणाऱ्याला आपला आवाज परत ऐकायचा, हवा तर पुसून टाकायचा हक्क तिथे बजावता येईल. कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा हेही गावातल्या वेगवेगळ्या गल्ल्यांनी वेगवेगळं ठरवावं. ग्रामसभेच्या एका ठरावावर सोपवू नये.

आणि जोवर हे होत नाही तोवर तुमच्या गावात कोणी खांद्याला पिशवी आणि हातात माइक घेऊन आला, तर त्याला चहा जरूर द्या. मी अशा चहावरच जगतो. पण चहा देताना विचारा की कोणाच्या ओळखीने आलात, वस्तीवर कधी जाणार, आणि ही प्रत आमच्या वाचनालयात कोणत्या महिन्यात पोचणार. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर त्याला माइक पिशवीत ठेवायला सांगा.